प्रूफ पाहायले या

आमच्या पवनीत छापखाना चालवायचा तर एक इंग्रजी शब्द गिऱ्हाइकाला समजावून सांगता आला पाहिजे. तो म्हणजे प्रूफ. मशीन बिघडलं तर मेकॅनिक येतो, कागद संपला तर भंडाऱ्याहून मागवता येतो. पण 'उद्या प्रूफ पाहायले या' एवढ्याशा वाक्याने आमच्याकडे जेवढे घोटाळे केले, तेवढे कशानेच केले नाहीत.

छापखाना माझ्या यजमानांचा. प्रूफं वाचायचं काम मात्र पहिल्यापासून माझं, कारण त्यांना ऱ्हस्व-दीर्घाचा भयंकर कंटाळा. ते गेल्यावर सगळंच माझ्याकडे आलं. अक्षरांचे खिळे जुळवणं मी पाहिलं, ऑफसेट पाहिलं, आता कॉम्प्युटर आणि फ्लेक्स. या वर्षापासून छापखाना मी पुतण्याच्या हाती दिला आहे. जाऊन बसते, पण नुसती बसते. एवढं सगळं बदललं, प्रूफ मात्र कायम राहिलं. छापण्याआधी एक कच्ची प्रत काढायची, गिऱ्हाइकाने ती वाचायची, चुका सांगायच्या, खाली सही करायची, मग खरी छपाई. झालं, एवढंच.

पण लोकांना प्रूफ माहीत आहे ते वेगळं. आयडी प्रूफ, रहिवासाचं प्रूफ, वयाचं प्रूफ. बँकेत मागतात, शाळेत मागतात, धान विकायला गेलं तरी मागतात. आसगावकडचे एक आजोबा नातवाच्या लग्नाची पत्रिका टाकून गेले. मी म्हटलं, उद्या प्रूफ पाहायले या. दुसऱ्या दिवशी आजोबा आधार कार्ड, सातबारा आणि गावच्या पोलीस पाटलांना घेऊन हजर.

"घ्या बाई प्रूफ. नातू माहाच हाय, इचारा पाटलाले."

पाटलांनी मान डोलावली. मी खुलासा केला तेव्हा आजोबा पोट धरून हसले. पाटलांनी मग कच्ची प्रत अथपासून इतिपर्यंत वाचली आणि आपलं नाव कुठेच नाही अशी तक्रार केली. ते 'विनीत'मध्ये घालावं लागलं.

सहीचं महत्त्व मला 'सुरुची भोजना'ने शिकवलं. एका पत्रिकेत त्याचं 'सुरीची भोजन' झालं होतं. मी वाचताना सुटलं, आणि गिऱ्हाइकाने न वाचताच सही ठोकली. पत्रिका गावोगाव गेल्या, तेव्हा तो तावातावाने आला.

"बाई, पाहुणे इचारून राहिले, जेवाले येऊ का ढाल घेऊन येऊ?"

मी सही दाखवली. "वाचलं नव्हतं तं सही कायले केली?"

"तुमी कर म्हणलं म्हनून केली!"

आता प्रूफ मोबाइलवर जातं आणि उत्तरात अंगठा येतो. वाचत तेव्हाही नव्हते, आताही नाहीत. त्यात अलीकडे एक नवी गंमत झाली. लग्नाची पत्रिका छापायच्या आधी नवरा-नवरीच्या वयाचं प्रूफ बघून घ्या, अशी सूचना आम्हा छापखानेवाल्यांना आहे. म्हणजे आधी त्यांनी मला प्रूफ द्यायचं आणि मग मी त्यांना प्रूफ द्यायचं. शिवाय लग्नाची नोंदणी करताना पत्रिका जोडायला सांगतात. त्यामुळे देवळात हार घालून लग्न केलेली पोरं-पोरी नंतर माझ्याकडे येतात आणि एकच पत्रिका मागतात. वाटायला नाही, प्रूफ म्हणून.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढची हकिगत याशिवाय कळायची नाही. ती हसण्यासारखी नाही.

मनोहरजी म्हणून आमचे एक जुने गिऱ्हाईक. धानाची बरी शेती, बोलणं मोजकं, व्यवहार चोख. त्यांच्या घराच्या वास्तूची पत्रिका मी छापली, मोठ्या मुलाच्या लग्नाचीही. त्या लग्नाच्या वेळी प्रूफ पाहायला त्यांनी धाकट्या मुलीला पाठवलं होतं. प्रणाली तिचं नाव. तेव्हा ती बारावीला होती. खुर्ची ओढून बसली आणि बोट ठेवत ओळ न् ओळ वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "काकू, आमच्या आत्याचं नाव दोनदा आलं आणि मामाचं एकदाही नाही." एवढ्या वर्षांत इतक्या नीट प्रूफ वाचणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. पुढे कॉलेजला पवनीतच यायची, तेव्हा येता-जाता डोकवायची. मला ती आवडायची.

गेल्या वर्षी धानाच्या रोवण्या व्हायच्या होत्या त्या सुमारास मनोहरजी एका सकाळी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तेरवीच्या पत्रिका पायजेत."

"अगं बाई! कोण गेलं?"

"पोरगी."

मला वाटलं, कुणा भावाची वगैरे. "कोणाची?"

"माही. प्रणाली."

मी टेबलाची कड धरली. महिन्याभरापूर्वी ती याच दारात उभी राहून माझ्याशी बोलून गेली होती.

"कशानं? काय झालं पोरीले?"

"गेली," ते म्हणाले. "गेली म्हंजे गेली. आता नोका इचारू बाई."

मी विचारलं नाही. तरणीताठी मुलगी गेलेल्या बापाला खोदून काय विचारायचं? त्यांचे डोळे कोरडे होते. दुःखाने माणूस असा सुकतो हे मी पाहिलेलं आहे, स्वतः भोगलेलंही आहे. त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. कै. कु. प्रणाली. निधनाची तारीख. शोकाकुल म्हणून आई, वडील, भाऊ, वहिनी, काका. मोबाइलमधला फोटो दिला. निघताना एवढंच म्हणाले, "प्रूफ फोनवर नोका पाठवू. मीच येतो उद्या पाहाले."

ते गेले आणि मी दार लोटून घेऊन रडले. मग डोळे पुसून मजकूर टाईप केला. माझ्या हाताखालून शेकडो तेरव्या गेल्या असतील, पण ओळखीच्या पोरीच्या नावापुढे 'कै.' लावताना बोट चालत नव्हतं. फोटो मध्यभागी बसवला, भोवती चौकट केली, प्रत काढली आणि टेबलावर ठेवून दिली.

दुसरा दिवस बाजाराचा. रस्त्यावर गर्दी, आवाज. मी खाली मान घालून कुणाचं तरी बिलबुक मोजत होते.

"काकू, काम होतं एक."

आवाज ओळखला, आणि तरी मान वर करायचं धैर्य होईना. वर पाहिलं. दारात प्रणाली उभी. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. मागे एक उंचसा पोरगा, हातात प्लॅस्टिकची फाईल.

मी ओरडले असेन, कारण पलीकडचा सायकल दुकानदार धावत आला. त्याला हातानेच परत पाठवलं. प्रणाली घाबरून जवळ आली, तिचा हात मी दोन्ही हातांत धरला. गरम होता. घामाने ओला होता. मी तो सोडेचना.

"काय झालं काकू? बरं नाही काय तुमाले?"

"तू... तू कुठून आलीस?"

"घरून. म्हंजे सूरजच्या घरून." ती लाजली. "आमी लग्न केलं काकू. देवळात. आता नोंदणी करायची हाय, तं तिथं पत्रिका मांगून राहिले प्रूफ म्हनून. एकच छापून द्या."

सूरज खाली बघत होता. त्याच्या घरचे लोक त्यांच्या गावच्या तलावावर मासे धरतात. तो स्वतः भंडाऱ्याजवळच्या शहापूरला एका गोदामात नोकरीला होता. एवढं तिने सांगितलं, आणि बाकीचं मला आपोआप कळलं. धानवाल्यांच्या घरची पोरगी जाळेवाल्यांच्या घरी गेली होती. गेली म्हणजे गेली.

मला तेव्हा टेबलाची आठवण झाली. मी झटकन हात आडवा टाकला, पण उशीर झाला होता. तिला तिचा फोटो दिसला होता.

"हा माहा फोटो हाय ना?"

"राहू दे पोरी. नको पाहू."

तिने माझा हात बाजूला केला, अगदी हळू. कागद उचलला. खुर्ची ओढून बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ते बोट निधनाच्या तारखेवर आलं आणि थांबलं.

"त्या दिवशी आमचं लग्न झालं," ती म्हणाली.

सूरज पुढे झाला. तिने त्याला हातानेच थांबवलं आणि वाचत राहिली. आईच्या नावापर्यंत आली, भावाच्या नावापर्यंत आली. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वर गेली.

"काकू, 'दुःखद'मंधी तुमी विसर्ग नाही टाकला. कोलन टाकला."

तिने टेबलावरचा लाल पेन उचलून त्या जागी गोल केला, आणि टोपण लावून पेन परत जागेवर ठेवला.

"बाबांनी सोता सांगतलं हे?"

मी मान हलवून हो म्हटलं. ती रडली नाही. "आईले माहीत हाय?" एवढंच विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

आणि त्याच वेळी मनोहरजी आत आले.

प्रूफ पाहायला येतो म्हणाले होते, तसे आले. मुलगी खुर्चीत बसलेली, जावई भिंतीशी उभा. मला वाटलं, आता हा माणूस आरडाओरडा करणार, नाहीतर मारायला धावणार. सूरजलाही तसंच वाटलं असावं, तो प्रणालीच्या पुढे येऊन उभा राहिला. मनोहरजींनी यातलं काहीच केलं नाही. ते सरळ माझ्याकडे आले.

"बाई, प्रूफ झालं काय?"

"बाबा," प्रणाली म्हणाली.

त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. मी चाळीस वर्षांत नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ ती बसली होती.

"मनोहरजी, पोरगी समोर बसली हाय तुमची."

"कोन? मले तं कोनी दिसून नाही राहिलं."

मला राग आला. मी म्हटलं, "मी लग्नाची पत्रिका वयाचं प्रूफ घेतल्याशिवाय छापत नाही. तुमी मरणाचं प्रूफ आणा. दाखला आणा. तोवर ही तेरवी माझ्या मशीनवर चढणार नाही."

"गावाले इचारा. गावासाठी मेली ते."

"गाव नाही दाखला देत."

"बाबा, एकदा पाहा तं माह्याकडे," प्रणाली म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "शिव्या द्या. पन पाहा."

बाहेर त्यांच्या पत्नी शकुनबाई बाजाराच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. लेकीचा आवाज ऐकला आणि त्या पिशव्या दारात टाकून आत आल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आई तिच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवत होती. सारखं एकच विचारत होती, "जेवतं ना वं? जेवतं ना बरोबर?"

मग त्यांची नजर तिच्या हातातल्या कागदावर गेली. फोटो बघून चेहरा खुलला. त्यांना अक्षरं जुळवून वाचता येत होतं. पहिल्याच अक्षरावर अडल्या.

"बाई, हे 'कै' म्हंजे काय असते?"

विचारलं मला होतं. मी मनोहरजींकडे पाहिलं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. सांगणं माझ्यावर आलं. मी सांगितलं.

शकुनबाईंना आधी ते समजलंच नाही. त्यांनी पोरीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत पोरीकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी तं सत्यनारायनाची पत्रिका म्हणलं होतं."

"चल घरी."

त्यांनी बोट खाली नेत आपलं नाव शोधलं. "माहं नाव हाय यात. शोकाकुल हाय मी? मले शोक नाही. मले राग होता तिचा, इचारलं नाही म्हनून. तिची तेरवी कराले सांगतलं होतं काय मी तुमाले?"

"चल म्हणलं ना घरी."

आणि त्या गेल्या. मला वाटलं होतं, आता ही बाई इथेच पाय रोवून उभी राहील. पण पदराने डोळे पुसले, पोरीची बोटं एकेक करून आपल्या हातातून सोडवली, पिशव्या उचलल्या आणि नवऱ्याच्या मागे चालू लागल्या. प्रणाली दारापर्यंत गेली. पुढे गेली नाही.

तिची पत्रिका मी त्याच दिवशी छापून दिली. वयाचे दाखले दोघांनी बरोबर आणले होते. प्रूफ वाचायला दिलं तर म्हणाली, "तुमीच वाचा काकू. मले नाही दिसत आज."

मी तेरवी छापली नाही, याचा थोडा अभिमान वाटला होता. तो फार टिकला नाही. काही दिवसांनी कुणीतरी माझ्या हातात पत्रिका ठेवली. तोच फोटो, तोच मजकूर, छपाई बाहेरगावची. मोबाइलवर मजकूर पाठवला की कुठेही छापून मिळतं, प्रूफ लागत नाही आणि विचारणारंही कुणी नसतं. मी नाही म्हटल्याने एक तेरवी थांबेल असं मला का वाटलं होतं कोण जाणे. तेरवीला जेवायला गाव गेलं, हेही कळलं. कळलं त्या दिवशी मी छापखाना उघडला नाही. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

शकुनबाई मात्र बऱ्याच दिवसांनी एका बाजाराला एकट्याच आल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "छापायचं काही नाही बाई. बसाले आलो." त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी तेरवीच्या दिवसाचं सांगितलं.

सकाळपासून त्याच राबत होत्या. वडे, कढी, भात, सगळं त्यांच्या हातचं. नवऱ्याला विरोध केला नाही, कारण एकट्या सुनेच्याने एवढं झालं नसतं आणि गाव जेवायला येणार होतं. अंगणात पंगत बसली. आत पाटावर प्रणालीचा फोटो मांडला होता, त्याला हार घालायला आईला हाक मारली. त्या आत गेल्या. फोटोतली पोर हसत होती.

"हार हातात घेतला बाई, अन् माहा हातच नाही गेला पुढे."

त्यांनी हार खाली ठेवला. फोटो उचलला, पिशवीत घातला आणि अंगणात आल्या. पंगतीतले लोक बघत राहिले. मनोहरजी म्हणाले, कुठं चालली? शकुनबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पंगतीला म्हणाल्या, "जेवा तुमी सारे आरामात. मी पोरीले भेटून येतो." आणि भर पंगतीतून रस्त्यावर आल्या. एसटी मिळाली नाही, तर कुणाच्या तरी ऑटोने गेल्या.

"मनोहरजी काही बोलले? परत आल्यावर?"

"नाही. चार दिस राहून आलो तिकडं. रोवना होता, मंग यावं लागलं. ते हायेत आपले. मले जाऊ नोको म्हणत नाही, जाय बी म्हणत नाही. फोटो घरी आनला नाही मी. तिथंच लावला, तिच्या भिंतीवर."

मी विचारलं, त्या दिवशी पोहोचल्यावर काय झालं?

शकुनबाई सांगू लागल्या. घर तलावाच्या पाळीजवळ, बांधाला लागून. अंगणात जाळी वाळत घातलेली. प्रणाली चुलीपुढे होती, आईला बघून उभीच राहिली. तिला माहीत होतं आज कोणता दिवस आहे. तिच्या सासूलाही माहीत होतं. त्या माउलीने काही विचारलं नाही, पाय धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. आमच्या या शकुनबाईंनी जन्मात जाळेवाल्यांच्या घरी पाणी प्यायलं नव्हतं. ताटात भात होता आणि माशाचा रस्सा.

"सासू म्हणे, बाई, तुमाले चालत नसन तं दुसरं काही करतो. मी म्हणलं, राहू द्या."

"मग?"

"सकाळपासून पोटात काही नव्हतं बाई. घरी एवढं रांधलं, पन तोंडात घास नाही गेला. तिथं बसलो. पोरगी वाढत होती, भात संपला का आनखी टाकत होती. मी नाही म्हणतच नव्हतो." त्या हसल्या, आणि हसतानाच डोळे भरून आले. "पोरीच्या तेरवीच्या दिवशी पोरीच्या हातचं पोटभर जेवलो मी. मंग हात धुवाले उठलो, तेव्हा रडलो."